कंदिलाची सायकल आणि काशीअप्पा

काशीअप्पा दुकान उघडं टाकून पळाले, म्हणजे बोरीच्या बाजारात कुठंतरी जुनी सायकल आली आहे, हे सगळ्या गावाला कळायचं. गिऱ्हाईक हातात तेलाची बाटली धरून उभं, तराजूच्या एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात वजन, आणि तराजू धरणाराच गायब. मग आतल्या घरातून गौराअक्का यायच्या. पदर खोचून तराजू उचलायच्या आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारायच्या, "गेले का? बरं, तुमाला काय पायजे होतं?"

काशीअप्पा त्यांचे यजमान. लिंगायत वाणी, तीन पिढ्यांचं किराणा दुकान. अंगानं गोल, उंची बेताची, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे आणि गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी. पळताना ते एका मुठीत धोतराचा सोगा धरायचे आणि दुसऱ्या मुठीत ती डबी. त्यामुळं समोरून कोणी "शरणार्थ अप्पा" म्हणालं तर हात जोडायची सोय नसायची; नुसती मान हलवून ते पुढं सुटायचे.

मी तेव्हा तिथल्या मदरशात मास्तर होतो. राज्य निजामाचं, शिकवायचं उर्दूतून आणि मुलांना खरंखुरं समजावं म्हणून पुन्हा सांगायचं मराठीतून. दुकानामागची एक खोली अप्पांनी मला राहायला दिली होती. त्या खोलीत मी, माझी ट्रंक आणि अप्पांची सात-आठ सायकलींची हाडं एकत्र नांदत होतो. रात्री कूस बदलली की पाय कुठल्यातरी चाकाला लागायचा.

गंमत अशी, की या माणसाला सायकल चालवता येत नव्हती. शिकायची इच्छाही नव्हती. मी एकदा शिकवतो म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडं कीव येऊन पाहिलं.

"मास्तर, सायकलीवर बसलं की सायकल दिसत न्हाई. नुसता रस्ता दिसतो. रस्त्यात काय बघायचंय?"

बघायची ती सायकल, आणि ऐकायचीही. अप्पा बोटाच्या पेरानं सायकलीच्या नळीवर टकटक करायचे, डोळे मिटून कान लावायचे. अंग निरोगी असलं की ती घंटेसारखी बोलते आणि आतून सडली असली की फुटक्या मडक्यासारखी, असं त्यांचं म्हणणं. मग ते ती उलटी करायचे, पोटाकडून बघायचे, कधी वासही घ्यायचे. त्या वेळी आमच्या भागात सायकली थोड्या, त्याही विलायती, आणि कंपन्यांची नावं कोणाच्या जिभेवर बसत नव्हती. समोरच्या बिल्ल्यावर जे चित्र, तेच नाव. मोराची, नांगराची, कंदिलाची. लांबून येणारी सायकल मोराची आहे की नांगराची, हे अप्पा धूळ खाली बसायच्या आत सांगायचे आणि बरोबर आलं की स्वतःच टाळी वाजवायचे.

दुकानात हा माणूस मिरचीचा देठसुद्धा फुकट जाऊ देत नसे. पण सायकल विकायला आलेल्यानं किंमत कमी सांगितली, की अप्पा त्यालाच रागे भरायचे. "अरे, येडा का खुळा तू? हिचं पुढचं चाक एकटं एवढ्याचं हाय!" असं स्वतःच्या विरुद्ध भाव चढवणारा वाणी मी दुसरा पाहिला नाही. गौराअक्का मला म्हणायच्या, "मास्तर, सायकल दिसली की आमचे हे राजे होतात. आणि राणीला मग मिरच्या निवडाव्या लागतात."

किमतीबद्दल त्यांचं एक वाक्य होतं. "जी वस्तू हरवल्यावर माणूस तिच्या मोकळ्या जागंला हात लावून बघतो, ती महाग. बाकी समदा बाजार." हे वाक्य मी बरेच दिवस नुसतं वाक्य म्हणून ऐकत होतो.

त्या वर्षी महायुद्ध भरात होतं. विलायती माल येणं बंद झालेलं, टायर तर हैदराबादेतही मिळेना. उन्हाळ्याच्या तोंडाचा बाजार होता. मी दुकानाच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो, एवढ्यात कोणीतरी धावत येऊन सांगितलं, "अप्पा, रामा लोहार सायकल कापायलाय!"

मी पाहिलं तेव्हा अप्पांची एक चप्पल ओट्यावर होती, दुसरी रस्त्यात, आणि ते स्वतः लोहाराच्या भात्यापाशी पोचले होते. मी मागून पळालो. रामानं सायकलीचा सांगाडा ऐरणीवर आडवा टाकून छिन्नी टेकवलेली, आणि त्याच्या भावानं घण वर उचललेला. अप्पा सरळ ऐरणीवर ओणवे झाले.

"थांबा! थांबा! थांबा!"

घण हवेतच थांबला. रामा लोहाराचा रंग उडाला होता. "अप्पा, मरता का? आत्ता डोकं फुटलं असतं तुमचं!"

"माझं फुटू दे. हिचं काय करायलाय तू?"

"फुंकण्या," रामा म्हणाला. "चांगल्या चार फुंकण्या निघतेत नळ्यांच्या. आऱ्यांचे दाभण हुतील."

"फुंकण्या!" अप्पांनी कपाळावर हात मारला, भस्माचे पट्टे विस्कटले. "अरे, हिच्या नळीनं बायका चूल फुंकणार? राजाच्या मुकुटात भाजी शिजवायला निघालास तू!"

सायकल दिसायला भयाण होती. गाळ वाळून दगड झालेला, चाकं वाकडी, गादीच्या जागी नुसता स्प्रिंगांचा सापळा. अप्पांनी पेरानं टकटक केली. बाजाराचा गलबला होता तरी मला तो आवाज ऐकू आला. स्वच्छ, लांबवर जाणारा. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. रामाला त्यांनी तिच्या बदल्यात एक घमेलंभर जुनं लोखंड आणि गुळाची ढेप दिली, आणि सायकल खांद्यावर टाकून अनवाणीच घरी आणली. वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत होते, "मोराची हाय! मोराची! हिरवी हाय आतून!"

सायकल कुठून आली, तेवढं रामानं सांगितलं होतं. चारठाण्याकडच्या एका भंगारवाल्याला ती ओढ्याच्या गाळात सापडली होती. मागच्या पावसाळ्यात पूर येऊन गेला तेव्हा कोणाची तरी वाहून आली असावी.

पुढचे दिवस आमच्या घरात सण होता. अप्पा दुकानात बसत पण मन परसात. रॉकेलात चिंधी बुडवून ते एकेक बोट जागा साफ करत. काळ्या रंगाखाली खरंच हिरवा रंग निघाला. ते मला शाळेतून येताच हात धरून परसात नेत आणि आज काय सापडलं ते दाखवत. कधी एखादा खिळा, कधी दातेरी चक्रावरची पाकळीची नक्षी. त्यांचा उत्साह असा होता, की मीसुद्धा मुलांना पाढे म्हणायला लावून मनात दातेरी चक्र फिरवू लागलो होतो.

बातमी फिरली आणि शेजारच्या गावचे देशमुख घोड्यावरून आले. त्यांच्या लेकीचं लग्न वैशाखात होतं आणि जावई विलायती सायकलीवर अडून बसला होता. युद्धामुळं ती कुठंच मिळत नव्हती. देशमुखांनी सांगाडा पाहिला आणि म्हणाले, "अप्पा, एवढी उभी करा. कालवड देतो."

अप्पा चाकाकडंच बघत होते.

"बरं, म्हैस घ्या. काळी, दुभती, पारडीसकट."

परसाच्या दारात गौराअक्का उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना म्हशीची फार हौस. पण अप्पा म्हणाले, "देशमुख, आजून ओळखच पटली न्हाई. ओळख पटल्याबिगर किंमत कशी सांगू? थोडं थांबा."

देशमुख गेले. गौराअक्कांनी त्याच दिवशी गोठा सारवला आणि पारडीसाठी बाजारातून नवी दोरी आणवली.

आणि मग एका दुपारी परसातून किंकाळी आली. मला वाटलं विंचू चावला. जाऊन पाहतो तर अप्पा सायकलीसमोर मांडी घालून बसलेले, तोंडाचा आ केलेला.

"मास्तर, मी गाढव हाय."

"काय झालं?"

"ही मोराची न्हाई! ही भोकं बघा." बिल्ला केव्हाच गळून गेला होता, त्या जागी दोन बारीक भोकं राहिली होती, एकाखाली एक. "मोराच्या बिल्ल्याची भोकं शेजारीशेजारी असतेत. वर-खाली फक्त कंदिलाची. मी हिरवा रंग बघितला आणि नाचायला लागलो. चुकलो! काय सुंदर चुकलो मी!"

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. अप्पा पुढच्या बाजारी आपल्या ओट्यावर उभे राहिले आणि हात वर करून सगळ्यांना म्हणाले, "ऐका हो! मी मोराची म्हनलो होतो, ते खोटं. कंदिलाची हाय. ज्याला ज्याला मी सांगितलं, त्यानं पुढं सांगा." लोक हसले. अप्पाही त्यांच्यात मिसळून हसले. आपली चूक माणसानं इतक्या आनंदानं गावभर वाटावी, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कंदिलाची म्हणजे दुर्मीळ. तशा सायकली आमच्याकडं फक्त सरकारी कामाच्या लोकांकडं दिसायच्या. आता अप्पांना नवा ध्यास लागला. ही होती कोणाची? मागच्या कॅरियरवर पत्र्याच्या पट्ट्यांची एक चौकट पक्की बसवलेली होती, आणि तिच्या आतल्या कडेला नमद्याचे, जाड लोकरी कापडाचे, कुजलेले तुकडे चिकटलेले होते. अप्पा दोन दिवस त्या चौकटीभोवती घिरट्या घालत होते.

"इथं डबा बसायचा," ते म्हणाले. "पण डब्याला नमदा कशाला? धक्का लागू नये म्हणून. कोणाच्या डब्याला धक्का चालत न्हाई, मास्तर?"

मी म्हणालो, सोनार. ते म्हणाले, सोन्याला धक्का लागून काय होतं? मी म्हणालो, अत्तरवाला. त्यावर ते थोडे विचारात पडले.

गौराअक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता दंडावरचा पदर सरकवला. दंडावर देवीच्या टोचणीचे गोल व्रण होते. "मला टोचलं तवा त्या मानसानं डबा असाच नमद्यात गुंडाळून आणला होता. आत काचेच्या नळ्या. मी लय रडले होते, म्हनून ध्यानात हाय."

अप्पा उठले, बायकोकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "अगं, तू इतके दिवस कुठं होतीस?"

"इथंच. तांदूळ निवडायले होते."

मग अप्पांना सगळं दिसायलाच लागलं. देवी टोचणारा सरकारी माणूस. चारठाण्याकडचा. डावं पायटं, म्हणजे पेडल, उजव्यापेक्षा जास्त झिजलंय, म्हणजे डाव्या पायानं जोर देणारा. आणि गादीचा दांडा अगदी खाली गंजून बसलाय, म्हणजे माणूस बुटका. "माझ्यावाणी," ते खूश होऊन म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी सायकल अशी सजवली, की बघणाऱ्यानं बघत राहावं. चाकं सरळ केली, आपल्या साठ्यातून साखळी, गादी आणि घंटी घातली, मागच्या चौकटीत नवा नमदा बसवला. टायरचा प्रश्न आला. अप्पांनी कोनाड्यातून गोणपाटात गुंडाळलेली नवीकोरी जोडी काढली. युद्धाआधी घेतलेली, कोणालाही न दाखवलेली. रबराचा वास घेतला, आणि चढवली. मग मला म्हणाले, "बसा मास्तर." मी सायकलीवर आणि अप्पा शेजारून पळत, कान साखळीकडं वाकडा केलेला. "हळू! आता जोरात! आता पाय मारू नका!" असं आम्ही बोरीच्या शिवेपर्यंत जाऊन आलो. परतताना ते इतके धापा टाकत होते की बोलता येईना, पण बोट वर करून ते मला काहीतरी सांगत होते. घरी पाणी प्यायल्यावर कळलं. "कुरकुर न्हाई," एवढंच त्यांना सांगायचं होतं.

शाळेला सुट्टी लागली तसे आम्ही बैलगाडी जुंपून चारठाण्याला निघालो. सायकल कडब्यावर निजवून वरून वाकळ पांघरलेली. निघताना गौराअक्कांनी विचारलं, "त्याची निघाली तर?"

"तर त्याच्याकडून रीतसर विकत घेतो आणि देशमुखाला देतो. त्यालाबी काही मिळंल, आपल्यालाबी." अप्पा वाणी होते, हिशोब चोख होता. "म्हैस येतीच, तू काळजी करू नको."

चारठाण्यात शोधायची गरजच पडली नाही. जुन्या देवळाच्या खांबांच्या सावलीत बायका पोरं घेऊन रांगेत बसल्या होत्या आणि रडण्याचा एकच कल्लोळ चालला होता. मधे चटईवर एक माणूस मुलांचे दंड पुसत होता. तो उठून उभा राहिला आणि अप्पांच्या तोंडून "हात्तिच्या!" निघालं. माणूस उंच होता. इतका, की देवळाच्या दारातून जाताना त्याला कमरेतून वाकावं लागलं असतं.

काम संपेपर्यंत आम्ही थांबलो. त्यांचं नाव करीमसाहेब. अप्पांनी सायकलीचं नाव न काढता विचारलं, "साहेब, तुमी पायीच फिरता?"

"पहले सायकल थी," ते म्हणाले. मग आमच्यासाठी मराठीत आले. "मागच्या पुरात गेली. ओढा उतरत होतो, पाणी एकदम आलं. डबा धरू की सायकल धरू? डबा धरला."

"कशी होती?"

करीमसाहेब हसले. "कशी म्हणजे? डोळे मिटले की दिसते. हिरवी होती, मी काळी रंगवली. डावं पायटं झिजलेलं. उजव्या गुडघ्यात माझा जोर नाही."

अप्पांचा श्वास वर-खाली व्हायला लागला. "आणि गादी? गादी खाली का वो? तुमी एवढे उंच!"

"तुमाला कसं ठाऊक गादी खाली होती?" करीमसाहेब चमकले, पण उत्तर दिलंच. "आमची काळी माती. चिखलात सायकल रुतली की दोन्ही पाय जमिनीला टेकायला पाहिजेत. नाहीतर डबा घेऊन आडवा होईन, नळ्या फुटतील."

"चुकलो!" अप्पांनी माझा दंड गच्च धरला. "मास्तर, पुन्हा चुकलो! पाय टेकायला! वा!"

आता ते सायकल विकत घ्यायची गोष्ट काढणार असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण करीमसाहेब डबा नमद्यात गुंडाळत आपल्याच नादात बोलत होते. "सरकार दुसरी देत नाही. लढाई चालू आहे म्हणतात. पायी जेवढं होतं तेवढं करतो. थंडीत एका वस्तीवर पोचायला उशीर झाला. देवी आधी पोचली होती." त्यांनी नमद्याचं टोक दाबलं. "दोन पाळणे होते तिथं. मोकळे."

आणि त्यांचा हात, डबा गुंडाळता गुंडाळता, हवेत असा काही टेकला, जणू तिथं कोणाचं डोकं होतं.

अप्पा त्या हाताकडं पाहत होते. मग उठले, गाडीकडं गेले आणि वाकळ ओढली.

करीमसाहेब जागचे हलले नाहीत. नंतर आले, वाकले, आणि कॅरियरच्या चौकटीवरून, नव्या नमद्यावरून बोट फिरवलं. "मेरीच है," ते पुटपुटले. "या अल्ला, मेरीच है." मग एकदम सरळ होऊन, घाबऱ्या आवाजात, "किती द्यायचे?"

"हिची किंमत मला लावता येत न्हाई," अप्पा म्हणाले. "मी लय सायकली बघितल्या. हिच्यापुढं माझी विद्या संपली. तुमी फक्त एक करा. बसा हिच्यावर, आणि मला बाजूनं पळू द्या."

त्या दुपारी चारठाण्याच्या लोकांनी काय पाहिलं ते अजून सांगत असतील. पुढं उंच करीमसाहेब, गुडघे कानाला लागतील अशा बेतानं खाली गादीवर बसलेले, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. शेजारून गोल काशीअप्पा, एका मुठीत धोतर, एका मुठीत चांदीची डबी, "घंटी वाजवा! घंटी!" असं ओरडत. आणि मागं दंड धरून नुकतीच रडणारी सगळी पोरं, आता हसत पळणारी.

परतीच्या वाटेवर अप्पा गाडीत आडवे होऊन गात होते. बोरी जवळ आली तसा मात्र आवाज बारीक झाला.

गौराअक्का दारात उभ्या होत्या. रिकामी गाडी पाहिली. "म्हैस?"

अप्पांनी सगळं सांगितलं, पाळण्यांपाशी अडखळत. अक्कांनी ऐकून घेतलं. पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "सारवलेल्या गोठ्यात तुमची ती हाडं हलवा, म्हंजे मास्तरला पाय पसरता येतील. आणि दोरी वाया घालवू नका. नागपंचमीला मला झोका बांधा. लगीन झाल्यापासून खेळले न्हाई."

झोका बांधला. अप्पांनी स्वतः झोके दिले. देशमुखांनी मात्र रागानं दुकानाची पायरी सोडली; त्यांच्या घरच्या किराण्याचा मोठा उठाव गेला आणि तो तोटा अप्पांना चांगला जाणवला. पण ती गोष्ट निघाली की ते विषय बदलून करीमसाहेबांच्या गादीवर यायचे. "पाय टेकायला! मला सुचलंच न्हाई बगा!" करीमसाहेब मधूनमधून बोरीवरून जायचे, तेव्हा दुकानात तराजू पुन्हा गौराअक्कांच्या हाती जायचा.

मग माझी बदली झाली. मधली वर्षं धामधुमीची होती. राज्य बदललं, भेटी राहून गेल्या. अठ्ठेचाळीस साल सरत असताना मी परभणी स्टेशनावर गाडीत बसलो होतो. गाडी सुटायची वेळ झाली, आणि इंजिनापाशी गर्दी दिसली. मी खिडकीतून वाकलो. काशीअप्पा! केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, आणि खांद्यावर चार-पाच वर्षांची एक पोर, नातच असावी. इंजिनाच्या भल्यामोठ्या चाकांकडं हात करून ते तिला काहीतरी समजावत होते आणि ड्रायव्हर खाली वाकून हसत होता.

"अप्पा!" मी ओरडलो. "काशीअप्पा!"

शिटी झाली. चाकं हलली तशी त्यांनी नातीला घट्ट धरलं आणि इंजिनाबरोबर चालू लागले. त्यांना मागं टाकून माझा डबा पुढं निघाला, तेव्हा मी अगदी हाताच्या अंतरावर होतो. मी पुन्हा हाक मारली, हात बाहेर काढून हलवला. त्यांनी वर पाहिलंच नाही. ते चाकं बघत होते, आणि ती पोरगी दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती.